शेंगा लांब, दाणे गायब: फवारलेल्या वाटाण्याचं कोडं

कुंडीतला_शेतकरी
मंडळी, डोकं चक्रावलंय म्हणून हा धागा. कुंड्यांमध्ये बुटक्या जातीच्या वाटाण्याची १२ रोपं लावली होती. पहिल्या कळ्या दिसल्यावर ६ रोपांवर जिबरेलिक आम्ल (झाडाची वाढ करवणारं, जिबरेलिन जातीचं संप्रेरक) फवारलं, ५० पीपीएम म्हणजे लिटरला ५० मिलिग्रॅम, दोन आठवडे दर चार दिवसांनी. (पावडर पाण्यात धड विरघळत नाही, आधी जराशा स्पिरिटमध्ये विरघळवावी लागते. हे कळेपर्यंत एक डोस गुठळ्यांत गेला.) उरलेल्या ६ रोपांवर नुसतं पाणी. फळधारणा वाढते असं कुठेतरी वाचलं होतं.

झालं असं की फवारलेली रोपं काही दिवसांतच काटकुळी आणि ताडमाड झाली, काठीला बांधावी लागली. शेंगा बऱ्याच धरल्या, दिसायला सुरेख. सोलल्या तर निम्म्या चपट्या! आत एखाददुसरा दाणा, बाकी टाचणीच्या डोक्याएवढे हिरवे ठिपके. नुसतं पाणी मारलेल्या रोपांवर शेंगा कमी, पण एकेक गच्च भरलेली. डोस जास्त झाला, कमी झाला, की औषधच चुकलं?

टरफल
फोटो टाका. आणि ते ठिपके खाऊन बघितले का? :)

बांधावरून
कळ्या लागल्या तेव्हा ऊन कसं होतं?

कुंडीतला_शेतकरी
@टरफल, फोटो काढायच्या आत घरच्यांनी सोलून टाकल्या.
@बांधावरून, आठवडाभर नुसतं भाजत होतं. का?

बांधावरून
असंच विचारलं. जाणकार येऊ द्या, मग बोलतो.

बीजांड
जाणकार वगैरे नाही, पण वनस्पतिशास्त्र शिकवून पोट भरतो, तेव्हा तोंड घालतो.

आधी ताडमाड होण्याचं बघू, ते सोपं आहे. मेंडेलने १८६६ साली छापलेल्या निबंधात वाटाण्याची उंच आणि बुटकी अशी जोडी होती, आठवते? त्या बुटकेपणामागचं जनुक १९९७ मध्ये हाती लागलं. ते जिबरेलिन बनवण्याच्या शेवटच्या पायरीचं निघालं. जीए-२० नावाचं जवळजवळ निष्क्रिय जिबरेलिन असतं, त्याचं सक्रिय जीए-१ करणारं विकर हे जनुक बनवतं. बुटक्या वाटाण्यात त्या विकरातलं एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं. विकर पूर्ण मेलेलं नाही, पण मंदावलेलं. तुम्ही तयार, सक्रिय माल बाहेरून दिलात आणि रोप मेंडेलच्या उंच वाटाण्यासारखं सुटलं. म्हणजे औषध पोचलं आणि त्याने कामही केलं. फक्त तुम्हाला हवं ते काम केलं नाही.

आता शेंग. शेंग म्हणजे फुलातल्या अंडाशयाची वाढलेली भिंत. वाटाण्याच्या फुलातले पुंकेसर कळीतच काढून टाकले आणि परागकण पडूच दिले नाहीत, तर ते अंडाशय फूल उमलल्यावर दोन-तीन दिवसांत सुकायला लागतं. पण त्याच मुदतीत त्यावर जिबरेलिक आम्ल टाकलं, तर फलन न होताही शेंग वाढते. आत दाणा एकही नाही. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाच्या संशोधकांनी याचा वर्षानुवर्षं अभ्यास केलाय. तुमच्या चपट्या शेंगा मला याच घराण्यातल्या वाटतात.

चौकस
थांबा. वाटाण्यात स्वपरागीकरण होतं ना, तेही फूल उमलायच्या आधी, कळीतच? मग यांच्या रोपांवर परागकण पडलेच असणार. पुंकेसर कुणी काढले नव्हते.

बीजांड
बरोबर पकडलंत, आणि त्याचं उत्तर बांधावरून यांच्या प्रश्नात आहे. पराग पडणं वेगळं आणि पराग जिवंत असणं वेगळं. वाटाणा थंडीचा. कळीत पराग तयार होत असताना कडक ऊन लागलं तर परागकण कमजोर होतात. नळी बीजांडापर्यंत पोचत नाही, किंवा काहींपर्यंतच पोचते. पोचली तरी कोवळे भ्रूण उन्हात गळपटतात.

बांधावरून
हेच म्हणणार होतो. आमच्याकडं उन्हाचा चटका बसला की फूल दिसतं आणि दोन दिवसांत खाली पडतं. शेंग धरतच नाही.

चौकस
पण मग नुसतं पाणी मारलेल्या रोपांनाही तेच ऊन लागलं की. त्यांच्या शेंगा गच्च कशा?

बीजांड
या प्रश्नाला शंभर गुण. यावर विचार करून रात्री लिहितो, आत्ता तास आहे.

आजीचा_बटवा
तोवर माझा बाळबोध प्रश्न. जिबरेलिन न फवारलेलं झाडही शेंग वाढवतंच की. मग एरवी शेंगेला ते कोण देतं? मूळ की पान?

बीजांड
तास संपला, हे आधी घेतो, कारण या विषयातला माझा सगळ्यात लाडका प्रयोग इथे आहे.

शेंगेला जिबरेलिन शेंगच बनवते, पण बनवायला सांगतो दाणा. फूल उमलून दोन-तीन दिवस झालेली इवलीशी शेंग घ्यायची, झाडावरून न तोडता तिची शिवण उघडायची आणि आतली बीजांडं अलगद काढून टाकायची. शेंगेची वाढ थांबते, पुढे ती पिवळी पडून गळते. आता दाणे काढलेल्या अशाच शेंगेच्या आतल्या बाजूला रोज ऑक्सिन, म्हणजे झाडाचं आणखी एक वाढीचं संप्रेरक, लावत गेलं तर? कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात जोसेलिन ओझगा आणि डेनिस रेनिके यांनी हे तपासलं. नेहमीचं ऑक्सिन, म्हणजे इंडोल ॲसिटिक आम्ल, लावून शेंग वाढेना. पण त्याच रेणूवर क्लोरीनचा एक अणू बसवलेलं ४-क्लोरो-इंडोल ॲसिटिक आम्ल लावलं की दाण्याशिवाय शेंग वाढायला लागते. हे क्लोरीनवालं ऑक्सिन कुणी कारखान्यात काढलेलं नाही, ते १९६० च्या दशकात कोवळ्या वाटाण्यातच सापडलं होतं.

ते शेंगेत दोन कामं करतं. एक, वर सांगितलेली शेवटची पायरी, जीए-२० चं जीए-१, ती शेंगेच्या भिंतीत चालू करतं. दोन, इथिलीनचा (गळती घडवणारं वायुरूप संप्रेरक) शेंगेवरचा परिणाम रोखून धरतं. साध्या ऑक्सिनला हे जमत नाही, म्हणून ते उपयोगी पडलं नाही.

एक सावधगिरी: हे क्लोरीनचं प्रकरण वाटाणा, मसूर, बाकला, लाख आणि त्यांच्या जवळच्या काही भाऊबंदांपुरतं आहे. उद्या कुणी सोयाबीनला हेच लागू आहे म्हणून सांगू लागला तर त्याला इकडे पाठवा.

टरफल
म्हणजे दाणा घरमालक आणि शेंग भाडेकरू?

आजीचा_बटवा
उलट हो. पोट आईचं, पण आत कोण आहे त्यावर डोहाळे ठरतात.

टरफल
आजी जिंकल्या.

बीजांड
:) आता चौकस यांचा प्रश्न. दोन्हीकडे ऊन सारखंच, मग फरक का?

माझा अंदाज असा. दोन्ही गटांत काही फुलांचं फलन नीट झालं, काहींचं बिनसलं. साध्या रोपांवर बिनसलेल्या फुलांना आतून निरोपच आला नाही, त्यामुळे ती सुकून गळाली. मागे राहिल्या त्या भरलेल्या शेंगा, आणि शेतकरीबुवांनी तेवढ्याच मोजल्या. फवारलेल्या रोपांवर मात्र जो निरोप दाण्याकडून यायचा तो बाहेरून आला. शेंगेला वाटलं आत सगळं आलबेल आहे, ती वाढत राहिली. म्हणजे जिबरेलिनने दाणे नाहीसे केले नसावेत. एरवी जमिनीवर पडून जाणारं अपयश त्याने झाडावर टांगून ठेवलं.

यात आणखी एक भर असू शकते. खोड भसाभस वाढायला साखर लागते, ती कोवळ्या दाण्यांच्या तोंडची जाते. त्यामुळे नीट फलन झालेले काही दाणेही मागे पडले असतील. यातलं कुठलं किती, ते मोजल्याशिवाय सांगता येणार नाही.

कुंडीतला_शेतकरी, रोपं अजून उभी आहेत का? वाटाण्याचं फूल गळलं तरी त्याचा देठ बरेच दिवस काडीसारखा राहतो. त्या रिकाम्या काड्या मोजा ना दोन्हीकडे.

कुंडीतला_शेतकरी
उभी आहेत, वाळायला लागलीत. रविवारी मोजतो.

बांधावरून
माझा अनुभव लिहितो. मी जिबरेलिन नाही वापरत, एनएए वापरतो, फुलगळीला. साडेचार टक्क्यांचं द्रावण मिळतं, १० लिटर पाण्याला साडेचार मिली म्हणजे २० पीपीएम. पुष्कळ जण डोळ्यानं टोपण भरतात आणि मग औषधाला नावं ठेवतात. जास्त झालं तर तेच औषध फुलं पाडतं, हे स्वतः भोगलंय.

बीजांड
याला दुजोरा. एनएए हे कृत्रिम ऑक्सिन. बेताच्या प्रमाणात ते देठाच्या गळतीच्या सांध्याला सांगतं की वरचं फूल जिवंत आहे, तोडू नको. प्रमाण वाढलं की झाड स्वतःच इथिलीन सोडतं आणि सांधा सुटतो. सफरचंदाच्या बागांत जादा फळं विरळ करायला मुद्दाम हेच एनएए मारतात. एकच बाटली, दोन उलट कामं.

चौकस
@बांधावरून, कधी एक पट्टा न फवारता ठेवून बघितलंत? राग मानू नका.

बांधावरून
राग कसला. ठेवला होता एका वर्षी. फवारलेल्या पट्ट्यात शेंगा मोजून जास्त होत्या. मळणी केल्यावर वजन मात्र जवळजवळ सारखंच. दाणा बारीक पडला होता. तेव्हापासून दरवर्षी फवारत नाही, पिकाचं रूप बघून ठरवतो.

चौकस
इतकं सरळ उत्तर देणारे कमी असतात. धन्यवाद.

सोयाबीनवाली
बांधावरून यांनी जे लिहिलंय त्यात माझ्या जुन्या कामाचा (शेतकी पदव्युत्तर, सोयाबीन) सगळा सार आला. फुलगळ म्हटलं की लोक घाबरतात. सोयाबीनमध्ये निम्म्याहून जास्त फुलं आणि कोवळ्या शेंगा गळणं ही नेहमीची गोष्ट आहे, निरोगी पिकातही. झाड मुद्दाम जास्त फुलं काढतं आणि जेवढी पोसता येतील तेवढी ठेवतं.

कोण राहणार ते बरंचसं आधी कोण आलं यावर ठरतं. एका तुऱ्यात खालची फुलं आधी उमलतात, त्यांच्या शेंगा आधी धरतात आणि वरची फुलं गळतात. खालच्या काढून टाका, वरच्या धरतात. आधीच्या शेंगांतून निघणारं ऑक्सिन या दादागिरीत सामील असावं असं मानतात. यावर उतारा म्हणून सायटोकायनिन, म्हणजे पेशी विभागायला लावणारं संप्रेरक, वापरून बघितलं गेलं. सोयाबीनच्या तुऱ्यांवर बेंझिल ॲडेनिन (त्यातलंच एक) लावलं की गळ कमी होते, जास्त शेंगा धरतात. लुपिन या शेंगवर्गीय पिकातही तेच दिसलं. पण पुढे? साखरेचा पुरवठा वाढलेला नसतो. वाटेकरी वाढले की वाटा घटतो. आमच्या मार्गदर्शकांचं आवडतं वाक्य होतं: शेंगा मोजू नका, दाणे तोला.

आणि ते तुऱ्यावर ब्रशने लावलेलं होतं बरं का. पंपाने शेतभर मारणं ही निराळी गोष्ट, तिथे पानं, खोड, शेंडा सगळ्यांनाच निरोप जातो.

आजीचा_बटवा
मग दाणा मोठा व्हायला काय लागतं? शेंग वाढली, दाणाही धरला, पुढे?

सोयाबीनवाली
दाण्याचं आयुष्य ढोबळपणे तीन टप्प्यांत बघा. टप्पे एकमेकांत घुसतात, पण समजायला बरं.

पहिल्यात पेशी वाढतात, संख्येने. इथे सायटोकायनिन जोरात असतं. बीजदलांत किती पेशी झाल्या यावर पुढे दाण्यात किती माल मावणार हे पुष्कळसं ठरतं. दिसायला तेव्हा दाणा कणीएवढा असतो. म्हणून लोक या टप्प्याकडे दुर्लक्ष करतात आणि दाणा फुगताना दिसला की पाणी-खत द्यायला धावतात. तोवर खोल्या बांधून झालेल्या असतात, फक्त सामान भरायचं बाकी.

बाकल्यावर जर्मनीतल्या गाटर्सलेबेनच्या संस्थेत सुंदर काम झालंय. पेशी विभागत असताना बीजावरणातलं एक विकर येणारी साखर फोडून ग्लुकोज-फ्रुक्टोज करतं. या फोडलेल्या साखरेच्या गर्दीत पेशी विभागत राहतात. मग ते विकर ओसरतं, अख्खी साखर आत यायला लागते आणि पेशी विभागणं सोडून साठवायला लागतात.

दुसऱ्या टप्प्याबद्दल बीजांड लिहितील, वाटाणा त्यांचा.

बीजांड
आयता झेल दिलात. साठवणीच्या टप्प्यात परत ऑक्सिन येतं. टास्मानियातल्या गटाने २०१७ मध्ये दाखवलं की टीएआर-२ हे ऑक्सिन बनवण्यातलं जनुक बिघडलेल्या वाटाण्याचा दाणा लहान राहतो आणि त्यात स्टार्च कमी भरतो. पुढे २०२१ मध्ये आणखी एक दुवा जुळला. दाण्यात साखर भरपूर आली की ट्रेहॅलोज-६-फॉस्फेट नावाचा रेणू वाढतो, तो हे जनुक चालवतो, आणि मग ऑक्सिन स्टार्च भरायला लावतं. थोडक्यात, माल दाराशी आल्याची वर्दी गेल्यावरच कोठार उघडतं. म्हणून वर्दी बाहेरून दिली आणि मालच आला नाही, तर काय उपयोग? सोयाबीनवालींचे मार्गदर्शक हेच सांगत होते.

तिसरा टप्पा ॲबसिसिक आम्लाचा.

टरफल
ते गळतीचं संप्रेरक ना? नावातच ॲबसिशन आहे.

बीजांड
नाव फसवं आहे. १९६० च्या दशकात कापसाच्या गळणाऱ्या बोंडांत सापडलं म्हणून ते नाव चिकटलं. देठाचा सांधा तोडण्यात मुख्य हात इथिलीनचा, आणि ऑक्सिन कमी पडण्याचा. दाण्यात ॲबसिसिक आम्ल साठवणीची प्रथिनं बनवायला मदत करतं, वाळणं सोसायची तयारी करून घेतं आणि शेंगेतल्या शेंगेतच कोंब फुटू देत नाही. ते नसतं तर वाळलेला दाणा पेरून उगवणं ही गोष्टच उरली नसती.

सोयाबीनवाली
फक्त तेच आम्ल चुकीच्या वेळी आलं तर घात करतं. फुलोऱ्यात पाण्याचा ताण पडला की सोयाबीनच्या फुलांत आणि कोवळ्या शेंगांत ते वाढतं, आणि शेंगा धरणं कमी होतं. पिकलेल्या दाण्याला जे तारतं, तेच कोवळ्याला नडतं.

वाटसरू
इथिलीनचा उल्लेख झाला म्हणून एक गंमत. इथिलीन झाडांवर काम करतं हे कळलं तेच मुळी वाटाण्यावरून. रशियातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये दिमित्री नेल्युबोव्ह यांच्या प्रयोगशाळेत अंधारात वाढवलेली वाटाण्याची रोपं आखूड, जाड आणि आडवी वाढत. बाहेरच्या हवेत नेली की सरळ. दोष दिव्यांसाठी जाळायच्या गॅसमध्ये निघाला, आणि त्यातल्या इथिलीनमध्ये. साल १९०१.

नवखा
भुईमुगाचं काय? त्याची शेंग तर जमिनीत.

सोयाबीनवाली
त्यावर वेगळा धागा काढा, इथे दोन ओळीत आटोपते. फलन झाल्यावर अंडाशयाखालचा भाग लांबून आरी तयार होते आणि जमिनीकडे जाते. तेवढा वेळ भ्रूण जवळजवळ थांबलेला असतो. जमिनीत अंधार आणि मातीचा स्पर्श मिळाला की आरीचं लांबणं थांबतं आणि शेंग फुगायला लागते. उजेडात राहिलेल्या आरीला शेंग धरत नाही. म्हणून भर देतात.

नवखा
आभार. आणखी एक: फवारलेल्या रोपांचं बी ठेवलं तर पुढची रोपंही उंच होतील का?

बीजांड
नाही. फवाऱ्याने जनुक बदलत नाही, बुटक्याचं बी बुटकंच. पण तुमच्या शंकेजवळ जाणारी एक खरी गोष्ट आहे. दाणा पिकताना त्यातलं जिबरेलिन निकामी केलं जातं. वाटाण्याच्या एका उत्परिवर्तित वाणात हे निकामी करणारं जनुकच बिघडलंय. त्याच्या दाण्यात माल शिल्लक राहतो आणि कोवळं रोप सुरुवातीला उगाच लांबसडक होतं.

बांधावरून
जाता जाता सगळ्यांना एक विनंती. बाटलीवर घटक आणि टक्केवारी छापलेली नसेल तर ते टॉनिक घेऊ नका. मला एकदा एका दुकानातून असंच एक मिळालं, नाव भारदस्त, आत काय ते देव जाणे. पानं वळली.

कुंडीतला_शेतकरी
मंडळी, रविवार झाला, काड्या मोजल्या.

साध्या ६ रोपांवर २३ रिकाम्या काड्या. फवारलेल्या ६ रोपांवर फक्त ५, आणि चपट्या शेंगा १९. म्हणजे बीजांड यांचा अंदाज बराचसा खरा. जी फुलं तिकडे गळाली, ती इकडे चपटी शेंग होऊन लटकली. मी मात्र आठवडाभर समजत होतो की औषधाने दाणे मारले.

भरलेल्या दाण्यांची बेरीजही केली. फवारलेल्यांवर ती थोडी कमीच भरली, तो बहुधा खोड लांबल्याचा खर्च. आणखी एक: उरलेल्या चपट्या शेंगांत जे एक-दोन दाणे भरलेत ते बहुतेक टोकाकडचे आहेत, देठाकडचे नाहीत. याला काही कारण?

बीजांड
आहे. परागनळी शेंगेच्या टोकाकडून आत शिरते, म्हणून टोकाकडच्या बीजांडांचं फलन आधी होतं. नळ्या कमजोर असतील तर देठाकडच्यांपर्यंत पोचतच नाहीत. तुमच्या शेंगांनी उन्हाची साक्ष दिली म्हणायची.

पुढच्या खेपेला फुलं उमलतील त्या दिवशी देठाला रंगीत दोरा बांधा, दर दिवसाचा रंग वेगळा. कुठल्या दिवसाची फुलं गेली ते दिसेल.

आजीचा_बटवा
दोरे माझ्याकडून. गोधडीचे उरलेत.